गाडीची खोप

नारळाला डोळे असतात, म्हणून तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही, असे आमच्या कोकणात सांगतात. माझा अनुभवही तसाच आहे. चव्वेचाळीस वर्षांत माडांखालून हजारदा गेले असेन. एकाही नारळाने माझ्याशी आगळीक केली नाही. पण मोटारीच्या बाबतीत त्याने असा काही शब्द दिलेला नाही, हे गेल्या नाताळच्या सुटीत कळले. पहाटे चार-साडेचारच्या सुमारास खळ्यात धाडकन आवाज झाला. काकू झोपेतच 'बोका, बोका' म्हणाल्या. उजाडल्यावर पाहिले तर गाडीच्या पुढच्या काचेवर भल्या मोठ्या कोळ्याने जाळे विणावे तशा चिरा गेलेल्या, आणि बॉनेटवर तो नारळ मोठ्या ऐटीत बसलेला. अण्णाकाकांनी तो उचलला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "पाणी आहे हो. दुपारी सोलकढीला होईल."

विम्याच्या गृहस्थांनी पुढे फोनवर मला विचारले, "नारळ कुणाच्या मालकीचा?" तेव्हा मला हसू आले होते. हा प्रश्न पुढे सहा महिने माझ्या मागे लागणार आहे, याची कल्पना नव्हती.

मी कोल्हापूरला कॉलेजात मराठी शिकवते. माहेर राजापूर तालुक्यात. गावाचे नाव सांगत नाही, कारण हा अंक तिथेही दोन घरी येतो. सुटी लागली, की मी गाडी काढते आणि गगनबाव्ड्याच्या रस्त्याला लागते. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर. आधी ऊस, मग भात, मग डोंगर. गगनबाव्ड्याला रस्ता फुटतो. एक वाट करूळ घाटाने वैभववाडीला उतरते, दुसरी भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. मी भुईबाव्ड्याची धरते. घाट अरुंद आहे, वळणे अंगावर येतात. पण एका वळणावर खालचे कोकण असे एकदम पायाशी पसरते, की शेजारच्या सीटवरचे आमचे हे, जे एरवी बँकेतल्या आकड्यांविषयी बोलत असतात, तेही दोन मिनिटे गप्प होतात.

या गगनबाव्ड्याशी माझे धंद्याचेही नाते आहे. हे अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' मी कितीतरी वर्षे वर्गात शिकवीत आले. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा राजनीतीवरचा ग्रंथ. त्यात आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयी जे सांगितले आहे, ते मुले परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. आरमाराला लाकूड लागते, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावायचा नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. धन्याचा संतोष हा शब्दप्रयोग मी फळ्यावर लिहून समजावून देत असे. पण धनी कोण, हे कसे ठरवायचे, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

आमचे घर चिऱ्याचे आहे. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होत जातो. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, आणि ओटीपुढे खळे. शहरातल्या वाचकांना खळे म्हणजे नुसते अंगण वाटेल. पण आमच्याकडे ते घराचे सर्वांत मोठे दालन आहे, फक्त त्याला भिंती नाहीत. पाऊस संपला की खळे चोपून, शेणाने सारवून गुळगुळीत करतात, त्यावर मांडव घालतात. मांडवाखाली मुलांच्या मुंजी होतात, सुपाऱ्या सोलल्या जातात, आमसुले वाळतात, पाहुण्यांच्या पंगती बसतात आणि रात्री त्यांचीच अंथरुणे पडतात. मे अखेरीस मांडव उतरवायचा. कारण पुढचे चार महिने तिथे पावसाचे राज्य. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा या चार महिन्यांत.

त्या खळ्याच्या उगवतीच्या कडेला पूर्वी बैलगाडीची खोप होती. मला ती अंधुक आठवते. आजोबा गेले, बैल विकले, गाडीची चाके कुणीतरी नेली, खोपीत आधी लाकडे आणि मग कोंबड्या आल्या. शेवटी एका पावसाळ्यात ती बसली. त्या जागी मी इतकी वर्षे मोटार लावीत होते, आणि त्या जागेवर एक माड वाकलेला आहे.

काच बदलून घेतली, तेव्हाच ठरवले की मे महिन्यात तिथे गाडीसाठी एक साधी खोप उभी करायची. हे म्हणाले, "पत्र्याची करून टाकू. लोखंडी नळ्या, वर पत्रा. दोन दिवसांचं काम." हिशेबाला ते बरोबरच होते. पण आमच्याकडे खाडीवरून खारे वारे येतात; लोखंडाला दुसऱ्या पावसातच तांबेरा चढतो. पत्र्याखाली मे महिन्यात उभे राहवत नाही आणि जुलैमध्ये एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. शिवाय २०२१ साली १६ मे रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा शेजारच्या वाडीतले पत्रे पतंगासारखे उडून भातखाचरात पडलेले काकांनी पाहिले होते.

त्याच वादळाने आमच्या खळ्यातला एक फणस पाडला होता. दोन फणस होते. एक विहिरीजवळचा, तो अजून आहे. दुसरा आजीने लावलेला. तो मुळासकट आडवा झाला, आणि घरावर न पडता बरोबर कुंपणावर पडला. काका म्हणतात, "झाडाला समजतं कुठं पडावं ते." (नारळाविषयी त्यांचे मत मी मुद्दाम विचारले नाही.) काकांनी तो खोड कापून, चौकोनी नाटे काढून गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवला होता. दोन नाट्यांच्या मध्ये फटी ठेवायच्या, म्हणजे वारा खेळतो आणि लाकूड न फाटता सुकते. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते. जुने होईल तसे तांबूस, मग तपकिरी होते. त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. दक्षिणेत वीणा आणि मृदंग याच लाकडाचे करतात. माळ्यावर चढून मी बोटाने टकटक केले, तर खरोखरच त्यातून सूर आल्यासारखा वाटला.

"हे लाकूड कशासाठी ठेवलंत?" मी काकांना विचारले.

"कशासाठी असं नाही गो. आईचं झाड. विकायचं कसं?"

आता इथे थोडी घरची गोष्ट सांगायला हवी. आजोबांना दोन मुलगे. अण्णाकाका घरी राहिले, त्यांना मूलबाळ नाही. माझे वडील मुंबईला गिरणीच्या कचेरीत होते. आम्ही दोघे, मोठा दादा आणि मी. वडील २०१२ साली गेले. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती मला माहीत होती. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे मी मुलींच्या मेळाव्यात भाषणातही सांगितले होते. पण वर्षश्राद्धाला जमलो असताना दादाने कागद पुढे केला. तो रागाने नव्हे, अगदी सहज. "सातबाऱ्यावर नावं वाढली की पुढं कटकट होते. तुला काय करायचंय तिकडचं?" मला खरेच काही करायचे नव्हते. राजापूरला जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. नंतर आम्ही तिघांनी मिळून चहा घेतला, दादाने मला साडी घेतली. साडी चांगली होती. अजून नेसते.

तेव्हा मे महिन्यात गावी निघण्यापूर्वी दादाला फोन करणे मला भागच होते. तो ठाण्याला असतो.

"घाल की खोप," तो म्हणाला. "तुझीच गाडी फुटली ना? पण एक कर, खांब पुरू नकोस हं. कायमचं बांधकाम दिसायला नको. उद्या वाटणी झाली तर भानगड."

मी "बरं" म्हटले. मी व्याकरण शिकवते. या एका अव्ययात किती अर्थ मावतात, ते मला त्या दिवशी कळले. ह्यांना काही सांगितले नाही. काकांना तर नाहीच. सबंध घाटभर मात्र तेच वाक्य चाकांच्या आवाजात ऐकू येत होते. खांब पुरू नकोस. जणू मी कुठला झेंडाच रोवायला निघाले होते.

मेस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आमच्याकडे सुताराला मेस्त्री म्हणतात. साठी उलटलेला, सडसडीत माणूस. कानावर पेन्सिल, खांद्यावर टॉवेल. त्यांच्या वडिलांनी आमच्या माजघराची दारे केली होती. ते खळ्याच्या कडेला उभे राहिले, एकदा माडाकडे पाहिले, एकदा माझ्या गाडीकडे, आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले.

मी चाचरतच विचारले, "मेस्त्री, खांब पुरल्याशिवाय उभे राहतील का?"

ते हसलेच. "पुरतंय कोण? पुरलेला खांब म्हणजे वाळवीला वाढलेलं पान. जमिनीत ओल, वर हवा. लाकूड कुजतं ते नेमकं मातीच्या तोंडाशी. तुमच्या घराचा एक तरी खांब पुरलेला आहे काय, बघा."

मी ओटीकडे पाहिले. चव्वेचाळीस वर्षे ज्या खांबांना टेकून बसले, लपंडावात ज्यांच्याआड लपले, त्यांच्या पायाशी मी कधी पाहिलेच नव्हते. प्रत्येक खांब एका घडीव काळ्या दगडावर उभा होता. त्या दगडाला तळखडा म्हणतात. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशाची पाने मी कामासाठी वरचेवर चाळते; असे शब्द तिथे भेटतात आणि पान उलटले की जातात. इथे त्या शब्दावर मांजर झोपले होते.

दादाची अट अशा रीतीने त्याच्या नकळत, आणि माझ्या मनाविरुद्ध म्हणा, बांधकामशास्त्राला धरूनच निघाली. मला थोडा रागच आला. मनात भांडण तयार ठेवावे आणि समोरच्याचे म्हणणे भलत्याच कारणाने बरोबर निघावे, यासारखा विरस नाही.

मेस्त्रींनी आधी माप घेतले. माझी गाडी लहान, चार मीटरच्या आतली. पण खोप गाडीच्या मापाने करायची नसते, माणसाच्या मापाने करायची असते. दार पूर्ण उघडून, हातात दोन पिशव्या घेऊन, पदर न अडकता उतरता आले पाहिजे. म्हणून रुंदी दहा फूट, लांबी अठरा. जागाही माडापासून चांगली बारा हात सरकवली. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, त्या अंगाला घराची भिंत येईल असे तोंड ठरवले. सहा खांब, बाजूला तीन-तीन. पाच खांबांची खोप होत नाही काय, असे ह्यांनी विचारले, तेव्हा मेस्त्रींनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी परीक्षेच्या हॉलमध्ये वापरते.

तळखड्यांसाठी खणायला घेतले आणि पहिल्याच खड्ड्यात पहार खणखणली. वीतभर मातीखाली दगड. माती बाजूला केली, तर घडीव तळखडा, मधोमध चौकोनी भोक. दुसरीकडे खणले, दुसरा. आजोबांच्या खोपीचे चारही तळखडे जागच्या जागी होते, एकमेकांपासून दहा फुटांवर. वरचे लाकूड गेले, कोंबड्या गेल्या, त्यांच्यावर माती चढली, माझ्या गाडीची चाके वर्षानुवर्षे त्यांच्यावरून गेली, आणि ते तसेच सरळ रेषेत बसलेले. काका ओटीवरून काठी टेकीत आले. वाकता येत नाही त्यांना, काठीनेच एकेक दगड टोकरून म्हणाले, "हा तिरपा होता जरा. बाबा म्हणायचे, नीट बसवू. राहिलंच ते."

तो तिरपा दगड आम्ही नीट बसवला. दोन नवे दगड पडवीमागून मिळाले. जमिनीच्या वर वीतभर राहतील एवढी सगळ्यांची उंची केली, खाली खडी ठोकली, आणि पाणसळ लावून सहांची पातळी मिळवली. यातच दीड दिवस गेला. मला वाटले होते, सुतारकाम म्हणजे करवत आणि हातोडा. खरे म्हणजे त्यातला मोठा भाग पाहण्यात जातो. ओळंबा सोडायचा आणि तो डुलायचा थांबेपर्यंत गप्प उभे राहायचे.

मग खांब. माळ्यावरचे नाटे उतरवले. वाकसाने वरची पांढरट कड काढली, कारण किडा लागतो तो या बाहेरच्या भागाला, गाभ्याला नाही. रंधा फिरू लागला आणि आतून पुन्हा तो पिवळा रंग निघाला. खळ्यात हळदीच्या रंगाच्या कुरळ्या ढलप्यांचा ढीग झाला. काकूंनी त्या बंबासाठी भरून नेल्या. प्रत्येक खांब सहा इंच चौरस. वरच्या आणि खालच्या टोकाला कुसू काढले. कुसू म्हणजे खांबाचा कोरून बारीक केलेला शेवट. वरचे कुसू तुळईच्या भोकात बसते, खालचे तळखड्याच्या. भोक पटाशीने कोरताना मेस्त्री सुताचा हिशेब करीत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. "अर्धं सूत कमी ठेवायचं," ते म्हणाले. "कुसू ठोकून बसलं पाहिजे. हाताने बसलं तर हाताने निघेल." तुळईत बसवल्यावर दोन्हींतून आरपार भोक पाडून त्यात लाकडाची खुंटी मारली. खिळा नाही. खिळा गंजतो आणि भोवतालचे लाकूड खातो. दगडाच्या भोकात आधी पातळ डांबर ओतले, म्हणजे तिथे पाणी साठणार नाही.

खांबांच्या पायांना डिंबेल लावले. काजूच्या टरफलांतून निघणारे हे काळे तेल. वाळवीला याच्याइतके औषध नाही. पण हाताला लागले तर कातडी भाजून निघते. मला मेस्त्रींनी जवळ येऊ दिले नाही. ह्यांनी मात्र उत्साहाने ब्रश हाती घेतला, आणि पुढे आठवडाभर त्यांच्या उजव्या अंगठ्याची साल निघत होती. बँकेत त्यांनी काय कारण सांगितले, मला माहीत नाही.

चौथ्या दिवशी सहा खांब आणि लांबीच्या दोन तुळया उभ्या राहिल्या, आणि मला धडकी भरली. मी एका खांबाला हात लावला तर सगळे डुलले. न पुरलेले खांब! मी मेस्त्रींकडे पाहिले. त्यांनी बिडी बाजूला ठेवली, काड्यापेटीतल्या चार काड्या घेतल्या, टोकांना मेण लावून चौकोन केला आणि बोटाने ढकलला. चौकोन तिरका होऊन पडला. मग पाचवी काडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी लावली. आता ढकलून बघा म्हणाले. हलेना. "तीन काड्यांचं घर पडत नाही, चारांचं पडतं," एवढेच बोलले आणि बिडी पुन्हा घेतली. त्याच दुपारी प्रत्येक खांबाच्या माथ्याशी तिरके टेकू आले, खांबातून निघून तुळईला भिडणारे. संध्याकाळी मी पुन्हा ढकलून पाहिले. मीच मागे सरकले.

वासे किंजळीचे घेतले, राजापूरच्या वखारीतून. खरे म्हणजे हे लाकूड विकत घ्यावे लागले, तेव्हा आमचा पत्र्यापेक्षा स्वस्ताईचा दावा निकालात निघाला. ते प्रामाणिकपणे सांगते. मधे आढे, त्यावरून दोन्ही अंगांना वासे, वाशांवर रिपा. दहा फूट रुंदीला आढ्याची उंची तीन फूट. उतार याहून कमी ठेवला, तर कौलांच्या सांध्यांतून पाणी मागे चढते. पाखे दोन्हीकडे दीड फूट बाहेर काढले. पागोळ्या खांबांपासून दूर पडाव्यात म्हणून.

कौले घरचीच. गोठ्यामागे जुन्या मंगळुरी कौलांची रास होती, शेवाळाने हिरवी झालेली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून गलबतांतून ही कौले सबंध किनाऱ्यावर पसरली. आमच्या भागात घराघरावर ती दिसतात. एकेक कौल घासून, बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. खणखणीत वाजले तर चांगले, भद्द वाजले तर चिरलेले. ते काम काकांनी मागून घेतले. खुर्चीत बसून, डोळे मिटून, ते कौले वाजवीत आणि दोन ढीग करीत. दोन दिवस. साडेचारशे कौले निघाली. एकेक कौल अडीच किलोच्या घरात. म्हणजे टनाहून अधिक वजन त्या सहा खांबांच्या माथ्यावर बसले. ते वजनच खोपीला जमिनीशी धरून ठेवते. वारा उघड्या खोपीत खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. पत्र्याचे पतंग होतात ते त्यामुळे. तरी मेस्त्रींनी तुळयांवरून वाशांना लोखंडी पट्ट्या मारल्या आणि कडेची कौले तारेने बांधली. 'जुने ते सोने' असा त्यांचा काही हट्ट नव्हता. "वाऱ्याची खात्री कोण देणार?" म्हणाले.

अकराव्या दिवशी कोने बसले. मेस्त्रींनी नारळ मागितला. काकूंनी दिला, आणि तो त्यांनी तळखड्यावर फोडला. मी गाडी आत घेतली. पहिल्यांदा लावताना आरसा खांबाला घासला, ते अजून दिसते.

जून उजाडला, आम्ही परतलो. पुढे काकूंचे फोन. पहिला पाऊस आला, खोपीत थेंब नाही. मग, खोपीत लाकडे ठेवलीत, तू आलीस की काढू. मग, कुणाची तरी गाभण शेळी बांधली आहे. मग, हे रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन तिथंच बसतात, आत येईनात; म्हणे, पाऊस चारी बाजूंनी दिसतो.

गणपतीला गेले. दादाही आला, गोवा महामार्गावर चौदा तास काढून, कावलेला. आल्या आल्या आरतीची गडबड, त्यामुळे खोपीकडे कुणी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन ओटीवर आले, तर दादा खोपीत एकटा, एका खांबापाशी उकिडवा बसलेला. मी गेले.

"हे नुसते ठेवलेत?"

"दगडात भोक आहे. त्यात बसवलेत."

"म्हणजे काढता येतील."

"येतील. चार माणसं आणि एक दिवस. कौलं आधी उतरवायला लागतील."

त्याने खांबाला तळहात लावून ढकलून पाहिले. मग खांदा लावून. मग दगडाभोवतीची माती बोटाने उकरली. "हे दगड पण तुम्हीच बसवलेत?"

"दोन. चार आजोबांचे आहेत. इथंच होते."

तो काही बोलला नाही. खांबाच्या पिवळ्या रंगावरून बोट फिरवीत राहिला. "आजीचा फणस," म्हणाला. तो प्रश्न नव्हता, म्हणून मी उत्तर दिले नाही. हक्कसोडपत्राचा विषय माझ्या जिभेवर होता. बारा वर्षांत कधी नव्हता इतका जवळ होता. पण आतून वहिनी हाक मारू लागल्या, मोदकांचे सारण करपत होते म्हणून, आणि मी आत गेले.

दुपारी पाऊस धरला. मेस्त्री दर्शनाला आले होते, ओटीवर पानाचे तबक मध्ये घेऊन सगळे बसलो होतो. दादाची गाडी माडाखाली भिजत होती, मोठी, नवीन. तो एकदा तिच्याकडे पाही, एकदा वर.

"मेस्त्री," तो म्हणाला, "पुढं आणखी दोन खांब घेतले, तर माझीही बसेल?"

"बसेल की. दगड तेवढे दोन बघावे लागतील." मेस्त्रींनी पानाला चुना लावला. "पण फणस संपला."

दादाची नजर विहिरीकडे गेली. पावसात तो दुसरा फणस काळाभोर, ओथंबून उभा होता. दादा बराच वेळ त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने काकांकडे पाहिले, आणि काकांनंतर, का कोण जाणे, माझ्याकडे.

काका अडकित्त्याने सुपारी कातरीत होते. मान वर न करता म्हणाले, "तो फळतोय अजून."